शेवाळातून रंग : संधी आणि सावधगिरी

(कशेळी, तालुका भिवंडी येथे पंचायत सदस्य, शिक्षक आणि विस्तार कर्मचारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



शेवाळ म्हटले म्हणजे विहिरीच्या पायरीवरून घसरलेला पाय आपल्याला आठवतो. पाण्याची टाकी आपण घासतो ती शेवाळ घालविण्यासाठी. तेव्हा शेवाळ वाढविण्यासाठी मुद्दाम हौद बांधावा, त्याला रोज ढवळावे आणि त्यातून खाण्याचा व प्रसाधनाचा रंग काढावा, हे ऐकून कोणासही नवल वाटेल. परंतु हे नवल आता आपल्या दाराशी आले आहे. या परिसरातील बचत गटांच्या भगिनी गेले काही दिवस एकच प्रश्न विचारीत आहेत : स्पिरुलिनाचे हौद घालावेत काय? कोणी सांगतो की बियाणे आम्ही देऊ, माल आम्हीच उचलू, तुम्ही फक्त कर्ज काढा. हा प्रश्न ग्रामसभेत येईल, शाळेत येईल आणि तालुक्याच्या कचेरीतही येईल. त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी आपणा सर्वांची आहे. म्हणून या विषयाच्या दोन्ही बाजू आपल्यापुढे ठेवण्याचे मी योजिले आहे.

खाडीतील उदाहरण

कशेळीच्या पुलावरून रोज हजारो वाहने जातात. त्याच खाडीच्या पाण्याने थोडे दक्षिणेस गेले, म्हणजे ऐरोली व भांडूपच्या बाजूस, हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रोहित पक्ष्यांचे गुलाबी थवे दिसतात. शासनाने २०१५ मध्ये हा भाग ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर केला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला. या पक्ष्याचे पिल्लू जन्मतः करड्या रंगाचे असते. गुलाबी रंग त्याच्या अंगात आपोआप तयार होत नाही. पाण्यातील सूक्ष्म शेवाळ आणि त्यावर जगणारे बारीक जीव पोटात गेल्यावर त्यांतील कॅरोटिनॉइड नावाची रंगद्रव्ये पिसांत उतरतात. आफ्रिकेतील खाऱ्या सरोवरांवर लहान रोहित पक्ष्याचे मुख्य अन्न स्पिरुलिना हेच आहे. म्हणजे शेवाळातून रंग घेण्याची विद्या पाखरांना फार पूर्वीपासून साधली आहे. माणूस तिच्याकडे आता वळतो आहे.

स्पिरुलिना म्हणजे काय?

स्पिरुलिनाला आपण शेवाळ म्हणतो. शास्त्रज्ञ त्याची गणना नीलहरित सूक्ष्मजीवांत करतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर त्याचे धागे मळसूत्रासारखे पीळदार दिसतात आणि त्यावरूनच त्याला हे नाव पडले. इतर पिकांना जे पाणी सोसत नाही त्या पाण्यात ते वाढते. खाण्याच्या सोड्यासारख्या क्षाराने भरलेले, ९ ते १० सामू असलेले अल्कधर्मी पाणी, भरपूर ऊन आणि ३० ते ३५ अंश सेल्सियस उष्णता त्याला मानवते. अशा पाण्यात इतर जीव फारसे तग धरीत नाहीत, म्हणूनच त्याचे पीक तुलनेने शुद्ध राहू शकते.

हे पीक नवीन नाही. मेक्सिकोतील अझ्टेक लोक टेक्सकोको सरोवरातून ते गोळा करून त्याच्या वड्या खात असत, असे सोळाव्या शतकातील स्पॅनिश लेखकांनी नोंदवून ठेवले आहे. आफ्रिकेत चाड सरोवराच्या काठी कानेम भागातील स्त्रिया ते वाळूवर वाळवून त्याच्या वड्या बाजारात विकतात. १९६४-६५ च्या सुमारास बेल्जियमचे वनस्पतिशास्त्रज्ञ जाँ लेओनार यांनी त्या वड्यांकडे जगाचे लक्ष वेधले. आपल्या देशात म्हैसूर येथील केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने १९७० च्या दशकापासून यावर काम केले, तर मद्रास येथील मुरुगप्पा चेट्टियार संशोधन केंद्राने खेड्यातील कुटुंबांना झेपतील असे लहान हौद करून पाहिले.

आपल्या महाराष्ट्रातही याचे नैसर्गिक घर आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर हे उल्कापाताने तयार झालेले, खाऱ्या आणि अल्कधर्मी पाण्याचे सरोवर आहे. त्याच्या पाण्याला हिरवट रंग देणाऱ्या सूक्ष्म जीवांत स्पिरुलिनाचे स्थान मोठे आहे. जून २०२० मध्ये हेच सरोवर अचानक गुलाबी झाले. पाणी आटून क्षार वाढल्यामुळे त्यात खारप्रेमी सूक्ष्मजीव माजले होते, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत आढळले. पाण्यातील क्षाराचे प्रमाण बदलले की जीव बदलतो आणि जीव बदलला की रंग बदलतो, हा धडा लोणारने आपल्याला घालून दिला. हौद बांधणाऱ्याने तो नित्य ध्यानात ठेवावा.

निळ्या रंगाचे मोल

स्पिरुलिनामध्ये तीन प्रकारची रंगद्रव्ये असतात. पानात असते तेच हरितद्रव्य, गाजरात असतात तशी पिवळी-नारिंगी कॅरोटिनॉइड द्रव्ये आणि फायकोसायनिन नावाचे निळे द्रव्य. पहिली दोन इतर वनस्पतींतूनही सहज मिळतात. खरे मोल आहे ते तिसऱ्याला. चांगल्या प्रतीच्या १०० ग्रॅम कोरड्या भुकटीत ते साधारण १० ते १५ ग्रॅम असते.

निळ्यालाच एवढे महत्त्व का, असे आपण विचाराल. आपल्या स्वयंपाकघराकडेच पाहा. पिवळ्यासाठी हळद आणि केशर आहे, लालसाठी कोकम आणि बीट आहे, हिरव्यासाठी पालक आहे. निळ्यासाठी मात्र गोकर्णीच्या फुलावाचून दुसरे नाव चटकन सुचत नाही. त्यामुळे आजवर मिठाईला निळा रंग द्यावयाचा तर कारखान्यात तयार झालेल्या कृत्रिम रंगावाचून गत्यंतर नव्हते. आता ग्राहकाची दृष्टी बदलत आहे. नेस्ले कंपनीने ब्रिटनमध्ये आपल्या ‘स्मार्टीज’ गोळ्यांतील निळी गोळी २००६ मध्ये काढून टाकली आणि २००८ मध्ये स्पिरुलिनापासून काढलेला रंग देऊन ती पुन्हा आणली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ मध्ये गोळ्या-चॉकलेटे व च्युइंग गम यांसाठी स्पिरुलिनाच्या अर्काला रंग म्हणून मान्यता दिली आणि पुढे ती इतर पदार्थांपर्यंत वाढविली. डोळ्यांवर व ओठांवर लावावयाच्या प्रसाधनांतही या रंगाचा उपयोग होतो.

या प्रश्नाला आरोग्याचीही बाजू आहे. ‘म्हातारीचे केस’ म्हणून लहान मुले जी गुलाबी साखर खातात, तिच्यात रोडामाईन-बी हा कापड व कागद रंगविण्याचा रंग सापडल्यामुळे फेब्रुवारी २०२४ मध्ये तामिळनाडू शासनाने तिच्या विक्रीवर बंदी घातली. कापडाचा रंग कापडावरच शोभतो. भिवंडीसारख्या कापडाच्या गावाला हे वेगळे सांगावयास नको.

तीन पेल्यांचा प्रयोग

आता या टेबलावरील तीन काचेच्या पेल्यांकडे पाहावे. काल रात्री मी थंड पाण्यात चमचाभर स्पिरुलिनाची भुकटी भिजत घातली. भुकटी गडद हिरवी होती. सकाळी हिरवा गाळ खाली बसला आणि वरचे पाणी निळे झाले. कारण निळे द्रव्य पाण्यात विरघळते, हिरवे व नारिंगी विरघळत नाही. तेच वरचे पाणी मी या तीन पेल्यांत ओतले आहे. पहिला पेला उन्हाकडे धरून पाहिला तर निळ्यात तांबूस झाक दिसेल. ती फायकोसायनिनची ओळख आहे.

दुसऱ्या पेल्यात मी लिंबू पिळले. निळाई फिकी पडली आणि पाणी गढूळ झाले. तिसऱ्या पेल्यातील पाणी मी आधी उकळून आणले आहे. त्यात निळा रंग जवळजवळ उरलेलाच नाही. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो हे आपल्या घरातील प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. निसर्गाचे रंग असेच हळवे असतात. त्यांतही फायकोसायनिन हे एक प्रथिन आहे आणि उष्णतेने अंड्याचा पांढरा भाग जसा बदलतो तसे तेही बदलते. साधारण ४५ अंशांच्या पुढे ते लवकर बिघडू लागते. ५.५ ते ६ सामू असलेल्या पदार्थात ते उत्तम टिकते. भर साखरेत अधिक टिकते, प्रखर उजेडात उडून जाते.

या तीन पेल्यांत संपूर्ण बाजारपेठ सामावली आहे. कुल्फी, आइस्क्रीम, साखरेच्या गोळ्या आणि थंड झाल्यावर रंगविलेली मिठाई यांना हा रंग चालेल. लिंबाच्या सरबताला, उकळत्या पाकाला किंवा भट्टीतल्या बिस्किटाला तो चालणार नाही. जो विक्रेता हा रंग कशातही चालतो असे सांगेल, त्याच्यापुढे हे तीन पेले ठेवावेत. शिक्षक मित्रांना माझी विनंती आहे की हा प्रयोग त्यांनी आपल्या वर्गात अवश्य करावा. त्याला खर्च नाममात्र येतो, आणि मुले घरी जाऊन तो आईवडिलांना सांगतील.

हौदाचा हिशेब

आता लागवडीकडे वळू. दहा मीटर लांब व दोन मीटर रुंद असा हौद घेतला आणि त्यात २० सेंटिमीटर पाणी ठेवले तर ४,००० लिटर पाणी लागते. प्रयोगशाळेच्या मूळ पद्धतीप्रमाणे दर लिटरला सुमारे १७ ग्रॅम खाण्याचा सोडा घालावयाचा, म्हणजे पहिल्याच भरणीला सुमारे ६८ किलो सोडा झाला. अनेक उत्पादक याहून कमी सोड्यात काम भागवितात. याशिवाय नत्र, स्फुरद, पालाश आणि थोडे लोह लागते. पाणी दिवसभर हलते ठेवावे लागते, नाही तर वरचे धागे उन्हाने करपतात आणि खालचे अंधारात उपाशी राहतात.

उघड्या हौदात चांगल्या दिवशी दर चौरस मीटरला ८ ते १० ग्रॅम कोरडा माल मिळतो. म्हणजे आपल्या २० चौरस मीटरच्या हौदातून दिवसाला १६० ते २०० ग्रॅम. वर्षात २०० दिवस चांगले गेले असे धरले तरी ३२ ते ४० किलो भुकटी होईल. तिच्यात निळा रंग असेल जास्तीत जास्त चार ते सहा किलो, आणि काढताना त्यातलाही काही भाग गाळात जाईल. हा हिशेब कोणाला नाउमेद करण्यासाठी मी मांडलेला नाही. एका हौदावर घर चालेल असे कोणी सांगितले तर हे आकडे त्याच्यापुढे मांडता यावेत एवढाच माझा हेतू आहे.

पीक तयार झाले की ते ३० ते ५० मायक्रॉन छिद्रांच्या जाळीदार कापडातून गाळतात. धागे पीळदार असल्यामुळे ते कापडावर अडकतात आणि पाणी पुन्हा हौदात सोडता येते. मग लगदा दाबून, शेवयांसारखा पाडून वाळवितात. येथेच बहुतेकांची चूक होते. कडक उन्हात किंवा तापलेल्या पत्र्यावर वाळविलेला माल पोटात जाण्यास चालेल, परंतु त्याची निळाई गेलेली असते. रंगासाठीचा माल कमी उष्णतेत, अंधाऱ्या आणि हवेशीर जागी, लवकर वाळला पाहिजे. पुढे रंग काढण्यासाठी थंड पाणी, वेगाने फिरणारे गाळ-विलगक यंत्र, बारीक गाळणी, शीतगृह आणि रंगाची शुद्धता मोजणारे प्रकाशमापक यंत्र लागते. ६२० आणि २८० नॅनोमीटर तरंगलांबीवर शोषलेल्या प्रकाशाचे गुणोत्तर ०.७ किंवा अधिक आले तर तो रंग खाद्य प्रतीचा समजतात. ही सामग्री एका घराच्या आवाक्यातील नव्हे. मूल्य मात्र याच टप्प्यावर वाढते. म्हणून दहा-वीस हौदांमागे एक सामायिक केंद्र हीच योग्य रचना होय.

कशेळीचे बळ आणि कशेळीच्या अडचणी

कशेळी, काल्हेर, पूर्णा, राहनाळ या पट्ट्यात भातखाचरांच्या जागी गोदामे उभी राहिली. जमीनमालकास भाडे मिळाले, काही तरुणांना हमाली व वाहतुकीची कामे मिळाली. परंतु शेतात राबणाऱ्या स्त्रियांच्या हातचे काम गेले. थोड्या जागेत, घराजवळ आणि स्वच्छतेच्या जोरावर चालणारा हा व्यवसाय त्यांना उपयोगी पडू शकेल. मुंबई-ठाण्याची बाजारपेठ जवळ आहे. माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था आणि दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ ही जाणकारांची ठिकाणेही आहेत. हे झाले बळ.

अडचणीही तितक्याच स्पष्ट आहेत. पहिली पाण्याची. भरतीचे पाणी येणाऱ्या खाडीकाठी विहिरी व कूपनलिका मचूळ होतात. शिवाय स्पिरुलिना पाण्यातील शिसे, कॅडमियम, आर्सेनिक यांसारखी जड द्रव्ये आपल्या अंगात साठवून घेते. पाणी दूषित असेल तर रंग सुंदर येईल, पण तो मुलाच्या आइस्क्रीममधून विष वाहून नेईल. खाडीचे पाणी या कामासाठी वर्ज्यच समजावे. नळाचे पाणी वापरल्यास त्यातील क्लोरिन आधी उडून जाऊ द्यावे. दुसरी अडचण पावसाची. ठाणे जिल्ह्यात वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. हौदावर छप्पर नसेल तर चार दिवसांत क्षार पातळ होऊन भलतेच शेवाळ माजेल आणि त्यातील काही जाती विषारी असतात. तिसरी अडचण धुरळ्याची. मालमोटारींच्या रस्त्यालगत उघडा हौद ठेवणे म्हणजे काजळीचे लोणचे घालणे होय.

एक कबुली

येथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका जिल्ह्यात काम करीत असताना अशाच एका योजनेवर मी प्रसिद्धीपत्रक लिहिले. चार हौदांचे उद्घाटन होते, मंडप होता, हिरवेगार पाणी होते. माल परत घेण्याची हमी देणाऱ्या व्यापाऱ्याचे शब्द मी जसेच्या तसे उतरवून घेतले. करारपत्र पाहावयास मागितले नाही. वृत्तपत्रांत बातमी आली आणि ती वाचून शेजारच्या गावातील दोन कुटुंबांनी कर्ज काढून हौद बांधले. पहिला माल उचलला गेला. दुसऱ्या वेळी प्रत हलकी आहे असे कारण सांगण्यात आले. तिसऱ्या वेळी दूरध्वनी लागेना. दीड वर्षाने मी तेथे गेलो तेव्हा एका हौदात गोवऱ्या रचलेल्या होत्या. त्या घरच्या बाईंनी मला चहा दिला आणि माझ्या बातमीचे जपून ठेवलेले कात्रण दाखविले. “साहेब, पेपरात आलं होतं म्हणून आम्ही धीर केला,” एवढेच त्या म्हणाल्या.

त्या वाक्याने मला जे शिकविले ते कोणत्याही प्रशिक्षणाने शिकविले नव्हते. शासनाच्या माणसाने, पंचायतीच्या सदस्याने किंवा शाळेच्या मास्तरांनी उच्चारलेला शब्द गावात तारण म्हणून वापरला जातो. म्हणून तो तपासूनच उच्चारला पाहिजे.

पंचायतीने काय विचारावे?

कोणीही हौदाची योजना घेऊन आला तर ग्रामसभेने त्याला पाच गोष्टी विचाराव्यात. एक, ज्या पाण्यावर हे पीक घ्यावयाचे त्याचा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा जड द्रव्यांसह अहवाल कोठे आहे? दोन, माल घेणाऱ्याचे नाव, पत्ता, अन्न सुरक्षा परवाना आणि सहीशिक्क्याचे करारपत्र कोठे आहे, आणि त्यात प्रत कोणी व कशी ठरवावयाची हे लिहिले आहे काय? तीन, माल भुकटी म्हणून विकावयाचा की रंग म्हणून? भारतीय मानक ब्यूरोने १९९० मध्ये खाद्य स्पिरुलिनासाठी मानक ठरविले आहे. परंतु रंग म्हणून विकावयाचा तर खाद्यरंगांच्या नियमांत आणि प्रसाधनासाठी असेल तर प्रसाधनांच्या रंगांच्या मानकात त्याचे स्थान काय, याचा लेखी खुलासा संबंधित कार्यालयाकडून आधी घ्यावा. चार, रंग काढण्याचे केंद्र कोठे आहे आणि तेथपर्यंत माल न बिघडता कसा पोहोचणार? पाच, पावसाळ्याचे चार महिने कर्जाचा हप्ता कोठून फेडणार?

या पाचांची उत्तरे कागदावर मिळाली तर अवश्य पुढे जावे. न मिळाली तर थांबण्यात कमीपणा नाही. दरम्यान गटाने कर्ज न काढता शाळेच्या किंवा पंचायतीच्या आवारात छपराखाली दोन-तीन चौरस मीटरचा एकच हौद करून पाहावा. त्याचा सामू, तापमान आणि रोजचा माल यांची नोंदवही ठेवावी. ती वही मुलांनी लिहावी. एक पावसाळा आणि एक उन्हाळा या वहीत उतरला म्हणजे कशेळीला स्पिरुलिना मानवते की नाही याचे उत्तर परक्याच्या तोंडून ऐकावे लागणार नाही.

मित्रहो, निळा रंग दुर्मीळ आहे, त्याला मागणी आहे आणि कष्टाळू हात या गावात आहेत. परंतु आधी पाण्याची तपासणी, मग ग्राहकाचा करार आणि त्यानंतर हौद, हा क्रम उलटा होऊ देऊ नये. या टेबलावरील पहिला पेला मी येथेच ठेवून जात आहे. त्याची निळाई संध्याकाळपर्यंत किती उरते ते आपण सर्वांनी पाहावे आणि मगच निर्णयाला बसावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.